काणकोणचे कोडे आणि डॅन्यूबकाठचा पुरावा

दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराच्या रुग्णाच्या कागदपत्रांत ‘कारण’ या रकान्यासमोर बहुतेक वेळा दोनांपैकी एक शब्द असतो : मधुमेह किंवा उच्च रक्तदाब. हे दोन्ही नसले, मूतखड्याचा वा जन्मजात दोषाचा इतिहास नसला, लघवीतून प्रथिनेही फारशी जात नसली आणि तरीही मूत्रपिंडे वर्षागणिक निकामी होत चालली असली, की त्या रकान्यात ‘अज्ञात’ असे लिहिले जाते. गोव्याच्या दक्षिण टोकाला असलेल्या काणकोण तालुक्याला हा शब्द परका नाही. वैद्यकीय नियतकालिकांत भारतातील ‘अज्ञात कारणाच्या मूत्रपिंडविकारा’ची केंद्रे सांगितली जातात, तेव्हा आंध्र प्रदेशातील उद्दानम, ओडिशातील बडंबा-नरसिंहपूर या नावांच्या पंक्तीत काणकोणचे नाव येते. पर्यटनाच्या नकाशावर पाळोळे आणि आगोंदमुळे झळकणाऱ्या या तालुक्याची ही दुसरी ओळख सुखावह नाही. पण ती नाकारूनही चालणार नाही.

‘अज्ञात’ हा शब्द वैद्यकाच्या दृष्टीने प्रामाणिक आहे. लोकजीवनात मात्र तो फार काळ टिकत नाही. ज्या घरात एक माणूस डायलिसिसवर आहे आणि दुसऱ्याचे क्रिएटिनिन वाढू लागले आहे, त्या घराला कारण हवे असते, आणि विज्ञानाने ते दिले नाही तर शेजारीपाजारी, राजकारणी आणि पाणी शुद्ध करण्याची यंत्रे विकणारे ते पुरवतात. विहिरीचे पाणी, शेतातली खते, तालुक्यातला खडक, जुन्या पिढीची झाडपाल्याची औषधे, दुखण्यावर घेतल्या जाणाऱ्या गोळ्या, यांपैकी प्रत्येकावर कधी ना कधी बोट ठेवले गेले आहे. यातले काही खरेही असू शकते. प्रश्न असा की, ‘असू शकते’पासून ‘आहे’पर्यंतचे अंतर शास्त्र कसे कापते, आणि तोपर्यंत सरकारने काय करावे.

हा विकार एकट्या काणकोणचा नाही, हे आकड्यांवरून दिसते. गुजरातमधील नडियाद येथील मोहन राजापूरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय मूत्रपिंडविकार नोंदवहीचा पहिला मोठा अहवाल २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात देशभरातील ५२,२७३ प्रौढ रुग्णांची नोंद होती. सुमारे ३१ टक्के रुग्णांत मधुमेह हे कारण होते. आणि त्याखालोखाल, सुमारे १६ टक्के रुग्णांत, कारण निश्चित करता आलेले नव्हते. यातील सर्वच रुग्ण काणकोणसारख्या प्रकारात मोडत नाहीत. आपल्याकडे रुग्ण बहुधा इतक्या उशिरा तज्ज्ञांकडे पोहोचतो, की आकसलेल्या मूत्रपिंडाकडे पाहून मूळ दोष कोणता हे सांगता येत नाही. तरीही मधुमेहाच्या या देशात दुसऱ्या क्रमांकावर ‘ठाऊक नाही’ हे उत्तर यावे, यावरून प्रश्नाचा आवाका कळतो.

काणकोणच्या बाबतीत उत्तराच्या दिशेने झालेला प्रयत्न गोव्यातच झाला. झुआरीनगर येथील बिट्स पिलानीच्या गोवा संकुलातील स्टारलेन मस्कारेन्हस, श्रीकांत मुतनुरी आणि अनसूया गांगुली यांचा शोधनिबंध २०१७ मध्ये ‘केमोस्फिअर’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बाधित आणि अबाधित भागांतील भूजलाची तुलना करून त्यांनी दोन घटकांकडे लक्ष वेधले : सिलिका आणि शिसे. या दोहोंचा मूत्रपिंडविकार उद्भवण्यात वाटा असावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढच्याच वर्षी याच दिशेचा, बाधित प्रदेशातील शेतजमीन आणि भूजल यांतील सिलिकेच्या स्थितीवरचा अभ्यासही प्रसिद्ध झाला. गोव्याच्या एका तालुक्याचा प्रश्न गोव्यातील प्रयोगशाळेने हाती घेतला आणि तो समकक्ष तज्ज्ञांच्या परीक्षणातून जाऊन जगासमोर आला, ही गोष्ट मोलाची आहे.

शिशाबाबत फारसा वाद नाही. ते मूत्रपिंडाला घातक आहे, हे शतकाहून अधिक काळ ठाऊक आहे, आणि पिण्याच्या पाण्यात दर लिटरमागे १० मायक्रोग्रॅम ही मर्यादा भारतीय मानकातही आहे. सिलिकेचे तसे नाही. वाळू, खडक आणि माती यांचा तो मूळ घटकच. जमिनीतून पाझरणाऱ्या जवळपास प्रत्येक पाण्यात तो विरघळलेला असतो. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यातील सिलिकेसाठी मर्यादा ठरवलेली नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही ती दिलेली नाही. खाणीत वा दगड फोडण्याच्या कामात श्वासावाटे जाणारी सिलिकेची धूळ फुप्फुसांना आणि मूत्रपिंडांना इजा करते, याचे पुरावे आहेत. परंतु पाण्यातून पोटात जाणारी विरघळलेली सिलिका हा वेगळा मार्ग, वेगळी मात्रा आणि कदाचित वेगळा परिणाम. म्हणून हा निबंध म्हणजे एक गंभीर संशय आहे, निकाल नव्हे. बाधित गावांच्या पाण्यात एखादा घटक अधिक आढळणे आणि त्याच घटकाने त्या गावातील माणसांना आजारी पाडणे, या दोन विधानांमध्ये बरेच पुरावे गोळा करावे लागतात. ते किती आणि कोणते, हे समजण्यासाठी काणकोणपासून दूर, डॅन्यूब नदीच्या खोऱ्यात जावे लागते.

क्रोएशिया, बोस्निया, सर्बिया, रोमानिया आणि बल्गेरिया या देशांतून वाहणाऱ्या डॅन्यूबच्या उपनद्यांकाठी काही शेतकरी गावे अशी होती, जिथे चाळिशी-पन्नाशी ओलांडलेली माणसे हळूहळू फिकट, अशक्त होत आणि मूत्रपिंडे निकामी होऊन मरत. १९५० च्या दशकात बल्गेरिया आणि युगोस्लाव्हियातील डॉक्टरांनी या विकाराचे वर्णन केले. तो ‘बाल्कन प्रदेशनिष्ठ मूत्रपिंडविकार’ म्हणून ओळखला जाऊ लागला. त्याची लक्षणे काणकोणच्या डॉक्टरांना ओळखीची वाटावीत : रक्तदाब सुरुवातीला वाढलेला नाही, लघवीत प्रथिने थोडी, बिघाड मूत्रपिंडाच्या गाळण्यांपेक्षा त्यातील सूक्ष्मनलिका आणि त्यांच्या भोवतालच्या ऊतींत अधिक. त्यात भर अशी की, या रुग्णांपैकी कित्येकांना मूत्रवाहिनीच्या वरच्या भागाचा एरवी दुर्मीळ असलेला कर्करोग होई. एक गाव बाधित, तर त्याला लागून असलेले दुसरे निरोगी. एकाच गावात काही घरे पिढ्यान्‌पिढ्या ग्रस्त, तर काही घरांना स्पर्शही नाही. बाहेरून येऊन स्थायिक झालेल्यांनाही पंधरा-वीस वर्षांनी तो गाठत असे. घराण्याघराण्यांत आढळतो म्हणून अनुवंशिक म्हणावे, तर परके कसे बाधित होतात? पाण्यातून येतो म्हणावे, तर शेजारचे घर कसे सुटते?

पन्नास वर्षे उत्तरे येत राहिली. भिजलेल्या धान्यावर वाढणाऱ्या बुरशीचे विष, विहिरीच्या पाण्यात उतरणारी कोळशाच्या थरांतील रसायने, जड धातू, विषाणू, रक्तातील दोष अशी प्रत्येक गृहीतकाची वेगळी शाळा होती आणि प्रत्येक शाळेकडे स्वतःची मोजमापे होती. यात एक उत्तर १९६९ मध्येच मांडले गेले होते. सर्बियातील मिलेंको इविच यांनी असे सुचवले की, गव्हाच्या शेतांत तणासारखी उगवणाऱ्या ‘अरिस्टोलोकिया क्लेमाटायटिस’ या वनस्पतीचे बी कापणीत गव्हात मिसळते, दळले जाते आणि रोजच्या पावातून पोटात जाते. त्यांनी या बियांचे पीठ सशांना खाऊ घालून मूत्रपिंडांवरील परिणामही पाहिले होते. त्यांचे लेखन स्थानिक भाषेत प्रसिद्ध झाले आणि जवळपास तीन दशके कोणी त्याकडे पाहिले नाही. लहान भाषांतून लिहिणाऱ्या संशोधकांच्या वाट्याला येणारी ही उपेक्षा मराठी वाचकाला वेगळी समजावून सांगण्याची गरज नसावी.

धागा पुन्हा सापडला तो ब्रुसेल्समध्ये, तोही अपघातानेच. १९९३ मध्ये जाँ-लुई व्हान्हेरवेघेम आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये काही महिलांची माहिती प्रसिद्ध केली. वजन कमी करण्याच्या एकाच उपचारकेंद्रात त्यांनी चिनी वनौषधी असलेल्या गोळ्या घेतल्या होत्या आणि त्यांची मूत्रपिंडे झपाट्याने निकामी झाली होती. पुढे अशा महिलांची संख्या शंभराहून अधिक झाली. गोळ्यांत एका निरुपद्रवी वनस्पतीच्या जागी नामसाधर्म्यामुळे अरिस्टोलोकिया कुळातील वनस्पती आली होती. बेल्जियमच्या विकृतिशास्त्रज्ञांनी त्यांच्या मूत्रपिंडांच्या चकत्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या तेव्हा त्यांना बाल्कनमधील रुग्णांच्या मूत्रपिंडांची आठवण झाली. तोच आजार, फक्त वेग वेगळा : एकीकडे मोठी मात्रा थोड्या काळात, दुसरीकडे पावातून थोडी थोडी, आयुष्यभर.

येथे न्यूयॉर्क राज्यातील स्टोनी ब्रुक विद्यापीठाचे आर्थर ग्रोलमन यांचे काम सुरू होते. ग्रोलमन हे डीएनएला होणाऱ्या इजांचे अभ्यासक. त्यांनी झाग्रेबचे मूत्रपिंडतज्ज्ञ बोयान येलाकोविच यांच्यासह प्रश्नाची मांडणीच बदलली. पाण्यात काय आहे, मातीत काय आहे, हे मोजत बसण्याऐवजी त्यांनी विचारले : हे विष खरोखर शरीरात गेले असेल, तर त्याने मागे काय सोडले असेल? अरिस्टोलोकिक आम्ल शरीरात गेल्यावर त्याचे रूपांतरित द्रव्य डीएनएच्या विशिष्ट अक्षराला चिकटून बसते. मूत्रपिंडाच्या ऊतीत ही जोडणी अनेक वर्षे, दशकेही, टिकते. शिवाय अशी जोडणी असलेली पेशी विभागताना एक ठरावीक चूक करते : डीएनएतील एका अक्षराच्या जागी ठराविकच दुसरे अक्षर येते. इतर कर्ककारकांमुळे होणाऱ्या चुकांत हा प्रकार विरळा. थोडक्यात, हे विष सही करून जाते.

२००५ मध्ये या गटाने आधी एक साधे काम प्रसिद्ध केले. क्रोएशियातील बाधित गावांत रुग्ण आणि इतर यांना प्रश्न विचारले : तुमच्या शेतात ही वनस्पती होती का, केव्हा होती, गहू कुठे दळत होता, पाव घरी होत असे का? वीस-तीस वर्षांपूर्वी आपल्या शेतांत ही वनस्पती भरपूर असल्याचे रुग्णांनी इतरांपेक्षा अधिक प्रमाणात सांगितले. मग २००७ मध्ये अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात मुख्य निबंध आला. रुग्णांच्या मूत्रपिंडांच्या बाह्य भागात अरिस्टोलोकिक आम्लाच्या डीएनए-जोडण्या सापडल्या होत्या, आणि मूत्रवाहिनीच्या गाठींत ‘पी-५३’ या जनुकात नेमक्या त्याच प्रकारच्या चुका वारंवार दिसत होत्या. पन्नास वर्षांच्या वादाचे पारडे त्यानंतर निर्णायकपणे एका बाजूला झुकले. पुढे २०१२ मध्ये तैवानमध्ये हीच सही शोधली गेली आणि तेथे मूत्रवाहिनीच्या कर्करोगाचे असाधारण प्रमाण पारंपरिक औषधांतील याच कुळाच्या वनस्पतींशी जोडता आले.

एक गोष्ट गोव्याच्या संदर्भात सांगितलीच पाहिजे. आपल्याकडे ईश्वरी वा सापसंद म्हणून ओळखली जाणारी, सर्पदंशावर आणि अन्य दुखण्यांवर लोकवैद्यकात वापरली गेलेली वेल याच अरिस्टोलोकिया कुळातली आहे, आणि तिच्यातही हे आम्ल असते. काणकोणच्या आजाराचे मूळ ती आहे, असा याचा अर्थ मुळीच नाही. तसे म्हणायला पुरावा लागेल आणि बाल्कनमध्ये दिसलेला कर्करोगाचा जोडधागाही येथे दिसावा लागेल. परंतु गावठी औषध म्हणजे निर्धोक औषध, ही समजूत किती महाग पडू शकते हे ब्रुसेल्स, तैवान आणि बाल्कन अशा तीन वेगवेगळ्या ठिकाणी सिद्ध झाले आहे. रुग्णाचा इतिहास घेताना ‘झाडपाल्याचे काही घेता का’ हा प्रश्न विचारला गेलाच पाहिजे, आणि उत्तर देणाऱ्याला तो विचारणारा डॉक्टर आपल्या परंपरेची थट्टा करतो आहे असे वाटता कामा नये.

बाल्कनचे उदाहरण पुरावा कसा उभा राहतो हे दाखवते. श्रीलंकेचे उदाहरण घाई कशी अंगाशी येते हे. श्रीलंकेच्या उत्तर-मध्य प्रांतात, अनुराधपूर आणि पोलोन्नरुवा या तळ्यांच्या आणि भातशेतीच्या प्रदेशात, १९९० च्या दशकापासून हजारो शेतकऱ्यांची मूत्रपिंडे निकामी होत गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुग्णांच्या लघवीतील कॅडमियमकडे बोट दाखवले गेले. २०१४ मध्ये चन्ना जयसुमना आणि सहकाऱ्यांनी वेगळी मांडणी केली : ग्लायफोसेट हे तणनाशक, पाण्याचा कठीणपणा आणि जड धातू एकत्र येऊन ही साथ घडवत असावेत. तो निबंध नव्या मोजमापांवर आधारलेला नव्हता. ते गृहीतक होते आणि त्याच्या शीर्षकातही प्रश्नचिन्ह होते. प्रश्नचिन्ह शीर्षकात राहिले, राजकारणातून ते गळाले. स्वतः पोलोन्नरुवाचे असलेले मैत्रिपाल सिरिसेना राष्ट्राध्यक्ष झाल्यावर २०१५ मध्ये ग्लायफोसेटवर देशभर बंदी आली. चहाच्या मळेवाल्यांनी तणांपुढे हात टेकले, आणि २०१८ मध्ये चहा आणि रबरासाठी बंदी उठवावी लागली. मूत्रपिंडविकाराचे मूळ मात्र या सगळ्यात निर्विवादपणे सिद्ध झाले नाही. ग्लायफोसेट निर्दोष आहे असे येथे सुचवायचे नाही. एखाद्या गृहीतकाला कायद्याचे रूप मिळाले की उरलेल्या शक्यतांचा तपास मंदावतो, आणि ते गृहीतक अपुरे ठरले तर पुढच्या संशोधकावर विश्वास ठेवायला लोक तयार नसतात, हे त्या घाईचे खरे मोल आहे.

मध्य अमेरिकेत पाण्यातील विषापेक्षा वेगळाच संशयित पुढे आला आहे. एल साल्वादोरमधून २००२ मध्ये, आणि पाठोपाठ निकाराग्वातून, पॅसिफिक किनाऱ्यालगतच्या सखल भागातील ऊसतोड मजुरांत, मुख्यतः तरुण पुरुषांत, हाच विकार नोंदवला गेला. निकाराग्वातील चिचिगाल्पाजवळच्या एका वस्तीला विधवांचे बेट म्हणतात, इतके पुरुष तेथे गेले. उंचावरच्या थंड हवेतील ऊसतोड्यांत तो तुलनेने कमी आढळला, यावरून संशय उन्हाकडे वळला : भर उन्हात, पुरेसे पाणी न पिता, दिवसामागून दिवस अंगमोड काम केल्याने मूत्रपिंडांना रोज थोडी इजा होते आणि ती साचत जाते. तेथे मजुरांना पाणी, विसावा आणि सावली देण्याचे उपक्रम कारखान्यांच्या पातळीवर राबवले गेले, आणि त्यानंतर मूत्रपिंडाला होणारी तात्कालिक इजा घटल्याचे अभ्यासही प्रसिद्ध झाले. कारणाबाबतचा वाद अजून मिटलेला नसताना उपाय सुरू झाला. श्रीलंकेतील बंदीही तशीच वादाच्या मध्यावर आली होती. पण मजुराला पाणी आणि सावली देणे, हे गृहीतक चुकीचे ठरले तरी कुणाचे नुकसान करत नाही. हा फरक गोव्याच्या आरोग्य खात्याने लक्षात घ्यावा असा आहे.

काणकोणला सर्वांत जवळचे उदाहरण उद्दानमचे. श्रीकाकुळम जिल्ह्यातील हा प्रदेश नारळ आणि काजूच्या बागांचा; हवामान, किनारा, बागायत, सगळे गोमंतकीयाला ओळखीचे वाटावे असे. तेथे जॉर्ज इन्स्टिट्यूटचे विवेकानंद झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६७ गावांतील सुमारे २४०० प्रौढांची पद्धतशीर तपासणी केली. त्याचा निबंध २०२० मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यानुसार दर पाच प्रौढांपैकी सुमारे एकाच्या मूत्रपिंडाचे कार्य घटलेले होते. हा आकडा भयावह आहे. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो विश्वासार्ह आहे, कारण तो रुग्णालयात आलेल्यांचा नसून गावातून निवडलेल्यांचा आहे. आंध्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये पलासा येथे मूत्रपिंड संशोधन केंद्र आणि २०० खाटांचे रुग्णालय सुरू केले, आणि हिरामंडलम जलाशयाचे पाणी उद्दानमच्या गावांत आणणारी सुमारे ७०० कोटी रुपयांची योजनाही. कारण सापडले म्हणून ही योजना आलेली नाही. पाण्यात एकच एक दोषी अजून निर्विवाद हाती लागलेला नाही. पृष्ठभागावरचे शुद्ध पाणी प्रत्येक गावाला मिळालेच पाहिजे, म्हणून ती समर्थनीय आहे. रोगनिवारणाच्या नावाखाली तिची जाहिरात केली, तर वीस वर्षांनी तिचा हिशेब त्याच नावाखाली मागितला जाईल.

काणकोणमध्येही चापोली धरणाचे पाणी आहे, नळ आले आहेत, आणि विहिरींचा वापर पूर्वीइतका उरलेला नाही. हे उत्तमच. पण त्यातून संशोधनाची एक अडचण उभी राहते, जिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. आज पन्नाशीत असलेल्या रुग्णाच्या मूत्रपिंडाला जी इजा झाली, ती बहुधा त्याने विशी-तिशीत प्यायलेल्या पाण्याने, केलेल्या कामाने वा घेतलेल्या औषधाने झालेली असणार. आजच्या नळाचे पाणी तपासून त्या काळच्या विहिरीविषयी काहीच कळत नाही. बुजवलेली, उपसा बंद झालेली किंवा उन्हाळ्यात आटणारी विहीर तपासायची तर ती आता, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर अशी दोनदा तपासावी लागेल. कुटुंबाने कोणते पाणी कोणत्या वर्षापर्यंत वापरले, ही माहिती घरातील वयस्क मंडळी आहेत तोवरच मिळेल. क्रोएशियात २००५ चा तो साधासुधा प्रश्नसंच उपयोगी पडला, तो शेतातले तण आठवणारे शेतकरी हयात होते म्हणून.

सरकारी पातळीवर ‘सर्वेक्षण’ हा शब्द फार सहज वापरला जातो. शिबिर भरवून रक्त घ्यायचे, क्रिएटिनिन वाढलेल्यांची यादी करायची आणि ती संख्या जाहीर करायची, याला सर्वेक्षण म्हणणे धाडसाचे ठरेल. शिबिराला बहुधा आजारी किंवा भयभीत माणसेच येतात. एका दिवशी वाढलेले क्रिएटिनिन उन्हात झालेल्या निर्जलीकरणाने, आदल्या रात्रीच्या मांसाहाराने वा दुखण्यावरच्या गोळ्यांनीही वाढलेले असू शकते. मूत्रपिंडविकार दीर्घकालीन आहे असे म्हणायला तीन महिन्यांनी तीच चाचणी पुन्हा करावी लागते. क्रिएटिनिनवरून मूत्रपिंडाचे कार्य काढण्याची सूत्रे मुख्यतः पाश्चात्त्य लोकसंख्येवरून बेतलेली. स्नायूंचे प्रमाण आणि आहार वेगळा असलेल्या भारतीय माणसाच्या बाबतीत ती प्रत्यक्षाहून बरे चित्र दाखवू शकतात. हे सर्व सांभाळून निरनिराळ्या देशांतील आकडे एकमेकांशी ताडता यावेत, यासाठी २०१७ मध्ये एक आंतरराष्ट्रीय आराखडा प्रसिद्ध झाला आहे : गावातून यदृच्छेने माणसे निवडायची, चाचण्या एकाच मानकाच्या प्रयोगशाळेत करायच्या, मधुमेह, रक्तदाब आणि भरपूर प्रथिने जाणारे रुग्ण वेगळे काढायचे आणि उरलेल्यांत घट किती ते पाहायचे. काणकोणची लोकसंख्या लहान आहे, अंतरे कमी आहेत, बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय त्याच जिल्ह्याच्या सीमेपलीकडे आहे. उद्दानममध्ये जे जमले ते येथे कमी खर्चात आणि कमी वेळात जमू शकते. तुलनेसाठी सांगे, केपे यांसारखे शेजारचे तालुके घेतले, तर भूगर्भ आणि राहणीमान यांतील फरकही हिशेबात येतील.

आणि हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले पाहिजेत. खात्याच्या टेबलावरील अहवालाला कोणी प्रश्न विचारू शकत नाही. बिट्समधील संशोधकांच्या निबंधावर येथे जशी शंका घेता आली, तशी शंका घेण्याची सोय छापील, परीक्षित शोधनिबंधातच असते. सिलिकेचा संशय खरा असेल तर दुसऱ्या गटाला स्वतंत्रपणे तेच आढळले पाहिजे. खोटा असेल तर तेही कळले पाहिजे, म्हणजे पुढच्या संशयिताकडे वळता येईल. बाल्कनमध्ये प्रत्येक गृहीतक स्वतःच्या शाळेत बंद राहिले, म्हणून पन्नास वर्षे लागली.

तोवर रुग्णाने काय करावे, हा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर कारणावर अवलंबून नाही. तालुक्यातील प्रत्येक प्रौढाची वर्षातून एकदा क्रिएटिनिनची आणि लघवीची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात व्हावी. घट दिसली तर रक्तदाब काटेकोर ठेवावा. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय दुखण्यावरच्या गोळ्या घेऊ नयेत. उन्हात काम करणाऱ्यास पाणी आणि सावली मिळावी. सरकार डायलिसिस मोफत देते म्हणून खर्चाचा प्रश्न सुटला, असे मानणारे अनेक आहेत. आठवड्यातून दोन-तीनदा, प्रत्येक वेळी चार तास यंत्राला जोडून राहणाऱ्या माणसाची शेती कोण पाहते, त्याच्यासोबत जाणाऱ्याची मजुरी किती बुडते, याची बेरीज त्या मोफत सेवेत होत नाही. आजार लवकर सापडला तर तो टप्पा काही वर्षे, कधी कधी कायमचा, लांबवता येतो.

एक काम मात्र आजच करण्याजोगे आहे आणि त्याला निधीही फारसा लागत नाही. काणकोणच्या ज्या रुग्णांची मूत्रपिंड-बायोप्सी होते, त्या ऊतीचा मेणात बसवलेला तुकडा निदान झाल्यावर कपाटात पडून राहतो किंवा काही वर्षांनी टाकून दिला जातो. रुग्णाची संमती आणि नैतिकता समितीची परवानगी घेऊन हे तुकडे, सोबत रक्त-लघवीचे गोठवलेले नमुने आणि त्या घराच्या पाण्याची नोंद, एका ठिकाणी जपून ठेवता येतील. ग्रोलमन यांना सही सापडली ती पाण्यात नव्हे, मूत्रपिंडात. काणकोणच्या विषाला, ते विषच असेल तर, अशी सही आहे की नाही हे आज सांगता येत नाही. पण ती वाचण्याचे तंत्र दहा वर्षांनी उपलब्ध झाले, तर वाचायला ऊती शिल्लक असली पाहिजे.